आधी गल्लीतून चाला, मग नकाशा काढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ठाण्यातील क्लस्टर योजना (म्हणजे जुन्या, धोकादायक इमारतींचा गटाने एकत्र पुनर्विकास) आणि पुण्याच्या पेठांमधल्या वाड्यांचा पुनर्विकास यांवर वाचकांची बरीच पत्रे छापून येतात. मुलीकडे नौपाड्यात मुक्कामाला आले की मी ती आवर्जून वाचते. एफएसआय, म्हणजे जमिनीच्या मानाने बांधकामाची परवानगी, किती मिळणार, पार्किंग कुठे होणार, घर किती चौरस फुटांचे, बिल्डर कोण, यावर सगळ्यांचा भर असतो. हे प्रश्न खरेच आहेत. पण ज्या जमिनीवर हे सारे होणार, तिच्यावर आज काय आहे आणि तिथली माणसे ती कशी वापरतात, हे आधी कोणी नीट पाहिले का, असे विचारणारे पत्र माझ्या वाचनात क्वचितच येते. म्हणून नगररचनेच्या एका जुन्या अभ्यासकाची आठवण करून द्यावीशी वाटली. सर पॅट्रिक गेडिस. त्यांनी १९१५ साली मुंबई इलाख्यातील काही शहरांविषयी अहवाल लिहिले, त्यांत ठाणेही होते.

मी इंदूरची. रामबागेत वाढले आणि एका वास्तुविशारदांच्या कचेरीत ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी करून निवृत्त झाले. गेडिस यांचे नाव मला तिथेच कळले. होळकर दरबारासाठी १९१८ साली त्यांनी इंदूर शहराचा दोन खंडांचा अहवाल लिहिला. आमच्या साहेबांकडे त्याच्या काही भागांच्या झेरॉक्स प्रती होत्या. नवीन मुलगा किंवा मुलगी कामाला लागली की साहेब आधी ती पाने वाचायला देत, नकाशे काढायचे रोट्रिंगचे पेन नंतर. माझे इंग्रजी बेताचे, त्यामुळे मी ती पाने डिक्शनरी घेऊन वाचली. पुढे जुन्या इंदुरातल्या गल्ल्यांची मोजमापे घेताना त्यातले बरेच काही डोळ्यांसमोर दिसू लागले.

गेडिस मूळचे जीवशास्त्राचे. जन्म १८५४, स्कॉटलंड. तरुणपणी मेक्सिकोत असताना त्यांची दृष्टी काही काळ जवळजवळ गेली, सूक्ष्मदर्शकाचे काम अवघड झाले आणि त्यांचे लक्ष माणसांच्या वस्तीकडे वळले. १८८६ साली लग्न झाल्यावर हे जोडपे एडिंबरोच्या जुन्या भागातल्या जेम्स कोर्ट या गलिच्छ, दाटीच्या चौकात बिऱ्हाड करून राहिले. शेजाऱ्यांना बरोबर घेऊन त्यांनी तिथली डागडुजी, सफाई, रंगरंगोटी केली, मिळेल त्या मोकळ्या तुकड्यात झाडे लावली. वस्ती सुधारायची तर तिथे राहून सुधारायची, ही गोष्ट त्यांनी आधी स्वतः केली आणि मग इतरांना सांगितली.

१९१४ साली ते मद्रासच्या गव्हर्नरांच्या निमंत्रणावरून हिंदुस्थानात आले. त्यांचे नगररचनेचे प्रदर्शन, म्हणजे अनेक वर्षांत जमवलेले नकाशे आणि चित्रे, ज्या बोटीवर होते ती एम्डेन या जर्मन युद्धनौकेने बुडवली. मित्रांनी इंग्लंडात नवे साहित्य गोळा करून पाठवले आणि ते प्रदर्शन मद्रासला उभे राहिले. पुढे दहा वर्षे त्यांनी हिंदुस्थानातली शहरे पायी पालथी घातली. मुंबई विद्यापीठात १९१९ साली समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग सुरू झाला, त्याचे ते पहिले प्राध्यापक. पुढे नामवंत समाजशास्त्रज्ञ झालेल्या मालवणच्या गो. स. घुर्ये यांना निवडून इंग्लंडला शिकायला पाठवणारे गेडिसच, आणि १९२४ मध्ये त्यांच्या मागून तो विभाग घुर्ये यांनीच सांभाळला. म्हणजे महाराष्ट्राला हा माणूस परका नाही.

आता इंदूरची गोष्ट. ती सांगताना मला नेहमी पुण्याचा १८९७ चा प्लेग आठवतो. रँडच्या काळात गोरे सोजीर घराघरांत शिरले, देवघर, माजघर काही पाहिले नाही, सामान रस्त्यावर काढून जाळले. त्यातून जी चीड उसळली तिचा शेवट गणेशखिंडीत झाला, हे मराठी माणसाला सांगायला नको. इंदुरातही प्लेग होता. गेडिस नकाशा हातात घेऊन गल्लीबोळांतून हिंडायचे, तेव्हा लोक त्यांच्याकडे बोट दाखवून ‘प्लेग आणणारा म्हातारा साहेब’ म्हणत, असे ते स्वतः सांगत. त्यांनी तुकोजीराव होळकरांकडे एका दिवसापुरता राजाधिकार मागून घेतला आणि दिवाळीची मिरवणूक जाहीर केली. मिरवणूक नेहमीच्या ठरलेल्या रस्त्यांनी निघणार नव्हती. ज्या आळ्यांनी आपली घरे आणि अंगणे सर्वांत चांगली साफ केली, डागडुजी केली, तिथून ती जाणार होती. मग काय विचारता! गाड्याच्या गाड्या भरून कचरा शहराबाहेर गेला. मिरवणुकीत हत्ती, घोडे, लक्ष्मीची मूर्ती होती, घाणीचा राक्षस आणि प्लेगचा उंदीर यांच्या भल्या मोठ्या प्रतिमा होत्या, शेवटी राक्षसाचे दहन झाले. पण मला त्या वर्णनातला सर्वांत मोठा प्रसंग वाटतो तो सफाई कामगारांचा. नवे पांढरे शुभ्र कपडे घालून, फुलांच्या माळा घालून, नवे झाडू आणि सजवलेल्या गाड्या घेऊन ते मिरवणुकीत मानाने चालले. एरवी ज्यांची सावली टाळली जाई त्यांना शहराने त्या दिवशी वाट करून दिली. हे १९१७-१८ च्या सुमारास. आज स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरचा नंबर वर लागतो, आम्हाला त्याचा अभिमान आहे, आणि तो मान आधी त्या झाडू धरणाऱ्या हातांचा आहे असे मी मानते.

मिरवणुकीची गोष्ट लोकांना आवडते म्हणून सगळे तीच सांगतात. गेडिस यांचे खरे काम मिरवणुकीच्या आधीचे होते, ते म्हणजे पाहणी. डॉक्टरने आधी रोग्याला तपासावे, मग औषध द्यावे, तसे शहराचे आधी निदान व्हावे असा त्यांचा आग्रह असे. त्या काळच्या इंजिनिअरांची पद्धत उलटी होती. कचेरीत बसून नकाशावर पट्टीने सरळ रेघ ओढायची आणि रेघेखाली जे येईल ते पाडायचे. मुंबईत प्लेगनंतर १८९८ साली शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, त्याने असेच केले. रुंद रस्ते झाले, ते आजही उपयोगी पडतात, ते नाकारून चालणार नाही. पण पाडलेल्या चाळींतली माणसे गेली कुठे? कामाच्या ठिकाणापासून लांब जाणे परवडत नव्हते म्हणून ती बाजूच्याच आधीच भरलेल्या चाळींत शिरली, तिथे दाटी वाढली आणि भाडीही वाढली. गेडिस यांनी लाहोर आणि इतर ठिकाणच्या अहवालांत यावरच बोट ठेवले. सरसकट पाडापाडी ही आरोग्याच्या नावाखाली केलेली घोडचूक आहे, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. त्यांचा मार्ग असा: मोडकळीला आलेली, खरोखर राहण्यालायक नसलेली थोडी घरे पाडायची, त्यांच्या रिकाम्या जागा एकमेकींना जोडायच्या, तिथे झाड लावायचे, बोळ दुसऱ्या बाजूला मोकळा करायचा, देऊळ आणि विहीर दुरुस्त करायची आणि बाकीच्या माणसांना हलवायचे नाही. घरातली तुळस नीट वाढलेली दिसली की त्या घराची निगा कळते, असे त्यांना वाटे. एका परक्या शास्त्रज्ञाने आपल्या अंगणात येऊन हे ओळखावे, याचे मला अजून अप्रूप वाटते.

पाहणी म्हणजे काय, हे माझ्या कामातून सांगते. जुन्या इंदुरात एका वाड्याचे मोजमाप घ्यायला आम्ही गेलो होतो. भूमापनाच्या नकाशात त्या वाड्याच्या आणि शेजारच्या वाड्याच्या मधे एक सरळ जाड रेघ होती, सामायिक भिंत. प्रत्यक्षात टेप लावून मागच्या चौकापर्यंत गेलो तर त्या भिंतीच्या खाली आड, म्हणजे घरातली विहीर. भिंत कमानीवर उचललेली, अर्धा आड या घरात, अर्धा त्या घरात, आणि दोन्ही बाजूंनी रहाट. दोन कुटुंबे एकाच पाण्यावर, पण प्रत्येकाच्या चौकातून. आडाच्या काठावर दोराने घासून दगडात बोटभर खोल खाचा पडलेल्या. घरच्या आजींनी सांगितले की नळ आले तरी उन्हाळ्यात दोन्ही घरे याच पाण्यावर निभावतात, आणि आड उपसायचा असला की खर्च निम्मा निम्मा. दोन घरांत जागेवरून जुना वाद होता, कोर्टापर्यंत गेलेला, पण आडाचा हिशेब कधी चुकला नाही. सरकारी नकाशात तो आड कुठेही नव्हता, कारण रेघेला आड काढता येत नाही. हल्ली ड्रोनने मोजणी होते. ड्रोनला त्या दोन्ही चौकांवरचे पत्रे दिसले असते.

अशा आडांचे आणि बावड्यांचे, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरींचे, काय होते? नळाचे पाणी आले की विहीर अडगळ वाटते. आधी तिच्यावर जाळी येते, मग स्लॅब पडतो, मग स्लॅबवर काहीतरी उभे राहते, आणि वीस-पंचवीस वर्षांत खाली विहीर आहे हे नव्या पिढीला माहीतही नसते. ३० मार्च २०२३, रामनवमी. इंदूरच्या पटेल नगरातल्या बेलेश्वर महादेव मंदिरात हवन चालू असताना जुन्या बावडीवरचा स्लॅब कोसळला आणि ३६ माणसे दगावली. त्या दिवशी आमच्या घरात चूल पेटली नाही. नंतर तिथले बांधकाम पाडले आणि बावडीही भराव टाकून बुजवली. दोष कुणाचा हे ठरवायला चौकशा आहेत, मी त्यात पडत नाही. पण गेडिस यांनी शंभर वर्षांपूर्वी पुन्हा पुन्हा लिहिले होते की जुन्या विहिरी बुजवू नका, त्या साफ करा, वापरात ठेवा, कारण नळयोजना कधी ना कधी बंद पडते आणि तेव्हा विहीर हाच वस्तीचा विमा असतो. वापरातली विहीर सगळ्यांच्या नजरेत असते, तिच्यावर कोणी नकळत उभे राहत नाही. ठाणे हे तलावांचे शहर म्हणवते. मासुंदा तलावाभोवती संध्याकाळी किती माणसे असतात ते मी दर मुक्कामात पाहते. ज्या तळ्यांवर आणि विहिरींवर इमारती चढल्या तिथली माणसे आज कुठे बसत असतील, याचाही कोणीतरी शोध घ्यावा.

रस्तारुंदीबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण ती आमच्या गल्लीत येऊन गेली. एके सकाळी भिंतींवर लाल रंगाच्या खुणा दिसल्या. नोटीस आली, मुदत दिली, आणि लोकांनी स्वतःच्या हातांनी घराचे पुढचे भाग उतरवले, कारण मशीनने पाडले तर मागचे घरही हलले असते. गेले काय? कागदावर ‘बाधित क्षेत्र’. प्रत्यक्षात पायऱ्या, ओटा आणि कुठे कुठे पुढची खोली. ओटा हा घराचा भाग की रस्त्याचा, हे आमच्याकडे कधी कोणी ठरवले नव्हते. सकाळी त्यावर भाजीवाली टोपली उतरवायची, दुपारी बायका गहू निवडायच्या, संध्याकाळी म्हातारी माणसे टेकायची, शाळेतून आलेले पोर आई घरी नसली तर कुणाच्याही ओट्यावर बसून वाट पाहायचे. आता दार थेट डांबरावर उघडते. समोरच्या काकू नव्वदीला आल्या आहेत, पूर्वी त्या दिवसातून अनेकदा बाहेर येऊन बसत, आता खिडकीच्या गजांमधून पाहतात. ज्यांच्या घराला पुढे जागा उरली त्यांनी शटर लावून गाळा भाड्याने दिला, त्यांचे बरे चालले आहे, हेही सांगितले पाहिजे. अँब्युलन्स आता आत येते, हेही खरे. गमावले ते कुणी मोजले नाही एवढेच माझे म्हणणे आहे. मिळाले ते मीटरमध्ये मोजता येते.

आणि असे मोजता येत नाही असेही नाही. डोनाल्ड अ‍ॅपलयार्ड नावाचे नगररचनेचे प्राध्यापक अमेरिकेत होऊन गेले. त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोत एकसारख्या घरांच्या तीन रस्त्यांची पाहणी केली. एकावरून दिवसाला सुमारे २००० वाहने जात, दुसऱ्यावरून ८०००, तिसऱ्यावरून १६०००. घरोघर जाऊन विचारले की या रस्त्यावर तुमचे मित्र किती. कमी वाहतुकीच्या रस्त्यावर सरासरी तीन मित्र, सर्वाधिक वाहतुकीच्या रस्त्यावर एकाहूनही कमी. ‘माझे घर’ म्हणून लोक नकाशावर जेवढा भाग दाखवत तोही असाच आक्रसलेला. शांत रस्त्यावरच्यांनी अख्खा रस्ता आपला म्हणून दाखवला, गर्दीच्या रस्त्यावरच्यांनी जेमतेम आपली इमारत. माणसाच्या सुखाचा जमिनीच्या वापराशी काय संबंध, असे कुणी विचारले तर मी हेच सांगते. आपल्याकडे पेठेपेठेत अशी पाहणी एखाद्या कॉलेजच्या मुलांनाही करता येईल. त्याला वही आणि चपला लागतात.

जुने सगळे जपा असे मी म्हणत नाही, आणि गेडिसही म्हणत नव्हते. पुण्यातल्या वाड्यांत जिने कुजलेले आहेत, पावसाळ्यात भिंती पडतात, मालकाला भाडे नावापुरते मिळते, भाडेकरू दुरुस्ती करायला धजत नाही, वरच्या मजल्यावरच्या संडासाला म्हातारी माणसे कशी जाणार? माझ्या सख्ख्या भावाने आमचा वाटा बिल्डरला दिला आणि त्याचे बरोबरच होते. ठाण्यात किसननगर, लोकमान्यनगर या भागांतल्या धोकादायक इमारतींत जीव मुठीत धरून राहणाऱ्यांना मी कोणत्या तोंडाने म्हणू की थांबा? त्यांना पक्के घर मिळालेच पाहिजे, आणि लवकर. प्रश्न एवढाच की सातव्या मजल्यावर गेल्यावर खालची पापड लाटणारी, शिवणयंत्र चालवणारी, इस्त्रीचे टेबल लावणारी बाई तिचा धंदा कुठे करणार, हे आराखडा काढणाऱ्याने विचारले का? गेडिस नेहमी तीन गोष्टी एकत्र पाहायला सांगत: जागा, तिथले काम आणि तिथली माणसे. आपण चौरस फूट देतो म्हणजे फक्त जागा देतो. काम तिथेच राहून गेले तर माणूस हप्ते कुठून भरणार? मग तो घर विकून पुढच्या झोपडपट्टीत जातो आणि आपण म्हणतो, या लोकांना सवयच आहे. इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या वेळीही माणसे कामापायी अशीच पुन्हा दाटीत गेली होती.

आपल्या कायद्यात पाहणी आहे, हे पुष्कळांना माहीत नसते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २५ प्रमाणे विकास योजना करण्यापूर्वी जमिनींची पाहणी करून विद्यमान जमीन वापर नकाशा तयार करावाच लागतो. पण तो नकाशा कसा होतो? मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याचे उदाहरण घ्या. जमीन वापराच्या नकाशातच चुका निघाल्या, नागरिकांनी वॉर्डावॉर्डांत बसून त्या शोधून काढल्या, जिथे इमारत होती तिथून रस्ता गेलेला, असे प्रकार. २०१५ च्या एप्रिलमध्ये तो मसुदा मागे घेऊन नव्याने दुरुस्त करावा लागला आणि आराखडा लागू व्हायला २०१८ उजाडले. पाहणीत वाचवलेला वेळ असा दामदुपटीने भरावा लागतो. त्या चुका ज्यांनी शोधल्या ते कुणी मोठे तज्ज्ञ नव्हते. त्यातल्या अनेकांनी फक्त आपला रोजचा रस्ता ओळखला आणि तो नकाशावर नाही असे लिहून दिले.

म्हणून ठाणे आणि पुणे महापालिकांकडे, आणि आपल्या वृत्तपत्रामार्फत तिथल्या नगरसेवकांकडे, माझे मागणे आहे. क्लस्टरचा किंवा पेठेतल्या पुनर्विकासाचा नकाशा मंजूर करण्याआधी त्या भागाची चालत पाहणी करा. पाहणी करणाऱ्यांत त्या गल्लीत राहणारी दोन माणसे घ्या, त्यातली एक बाई असू द्या, कारण पाणी कुठून येते आणि पोरे कुठे खेळतात हे तिला विचारावे लागत नाही. विहीर, आड, झाड, ओटा, देवळाचा पार, घरातून चालणारा धंदा, फेरीवाल्याची ठरलेली जागा हे सगळे त्या नकाशात दाखवा. झाकलेल्या विहिरींची वेगळी यादी करा, तिच्यावर आज काय उभे आहे तेही लिहा. नकाशा वेबसाइटवर टाकून थांबू नका. वॉर्ड ऑफिसच्या भिंतीवर, मराठीत, चष्मा लावून म्हाताऱ्या माणसाला वाचता येईल एवढ्या मोठ्या मापात लावा, एक सेंटिमीटरला पाच मीटर पुरेल, आणि बाजूला पेन्सिल टांगून ठेवा. ज्याला आपले घर, आपली विहीर सापडत नाही त्याने तिथेच खूण करावी. हरकती-सूचनांची मुदत त्या भिंतीवरच्या खुणा नकाशात उतरवून झाल्यावर सुरू करा.

नकाशे ट्रेस करायला हात लागत असतील तर मी ठाण्यात असते तेव्हा माझे दोन हात आहेत. डोळ्यांचे ऑपरेशन झाले आहे, रेघ अजून सरळ येते. कुठल्या वॉर्डाने बोलावले तर मी येईन, पैसे नकोत.

आपली,
एक निवृत्त ड्राफ्ट्समन
रामबाग, इंदूर (सध्या मुक्काम नौपाडा, ठाणे)